इनोव्हाचा स्टेअरिंग रॅक: सील किट, नवा की जुन्या गाडीवरून उतरवलेला? आणि ऑइल कोणतं भरायचं?

गेल्या पावसाळ्यात माझ्या २०१२ च्या इनोव्हाचं स्टेअरिंग सोसायटीच्या पार्किंगमधून वळवताना कण्हायला लागलं. ऑइलच्या डब्यातली पातळी दर पंधरा दिवसांनी खालच्या खुणेच्या खाली. वागळे इस्टेटमधल्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने गाडी वर घेतली, स्टेअरिंग रॅकच्या (स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारी दातेरी दांडी आणि तिची नळी) टोकाच्या रबरी बुटाची क्लिप सोडली आणि बूट मागे सरकवला. आतून लाल ऑइल गळलं, त्याच्यासोबत चहाच्या रंगाचं पाणीही. "काका, रॅक गेला. किट टाकायचं की नवा आणताय?"

रोज घोडबंदर रोड किंवा ठाणे-बेलापूर रोडच्या खड्ड्यांतून हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या, स्टेअरिंगची गाडी चालवणाऱ्या कुणावरही हा प्रश्न येऊ शकतो. मी दोन्ही मार्ग करून बसलो आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

त्याआधी दोन गोष्टी तपासा. स्विफ्ट, आय२० यांसारख्या गाड्यांना इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग असतं. त्यात ऑइलच नसतं, त्यामुळे पुढचं सगळं त्यांना लागू नाही. दुसरं म्हणजे ऑइल नेमकं कुठून गळतंय ते. बूट बाहेरून ओला पण आतून कोरडा असेल, तर बहुतेक वेळा वरचा प्रेशर पाइप किंवा पंप गळत असतो आणि तेच ऑइल ओघळून रॅकवर येतं. सगळा भाग धुऊन, पुसून, दोन दिवस गाडी चालवून पुन्हा बघायला लावा. खड्ड्यात 'खट' वाजतं एवढ्यावर तर रॅक बदलूच नका. रॅकला चाकाशी जोडणारे सांधे, म्हणजे रॅक एन्ड आणि बाहेरचा टाय रॉड एन्ड, किंवा सस्पेन्शनमधली स्टॅबिलायझरची लिंक गेली तरी अगदी तसाच आवाज येतो, आणि हे सगळे भाग रॅकच्या मानाने खूप स्वस्त आहेत. बुटाच्या आत ऑइल सापडलं तर मात्र रॅकचं सील गेलं हे नक्की.

आता सील किट, म्हणजे जुनाच रॅक उघडून आतली रबरी सील बदलायची. खर्च नव्या रॅकच्या एका लहानशा हिश्शाएवढा, त्यामुळे मन आधी तिकडेच धावतं. माझंही धावलं. मी रॅक उतरवून एका रिपेअर करणाऱ्याकडे दिला, दुसऱ्या दिवशी 'नवीन केल्यासारखा' परत आला. दिवाळीपर्यंत पुन्हा गळायला लागला. पुन्हा उघडल्यावर कारण दिसलं, तेव्हा मी समोर उभा होतो. रॅकची दांडी पुसल्यावर आरशासारखी चकाकत होती, पण एका टोकाला बोटभर पट्ट्यात तांबूस ठिपके होते. त्यावरून नख फिरवलं तर अडकत होतं. बूट फाटला होता, पावसाचं पाणी आत साचलं, दांडीला गंज चढून खड्डे पडले. अशा दांडीवर कितीही चांगलं सील बसवा. स्टेअरिंग फिरेल तशी ती खडबडीत जागा सीलच्या ओठावर घासत राहते. कुणीतरी बारीक पॉलिश पेपर मारून ठिपके पुसट केले होते, खड्डे तसेच होते.

म्हणून किट टाकायचं असेल तर एकच अट धरा: रॅक उघडल्यावर तुम्हाला बोलवायचं आणि दांडी दाखवायची. नख सरसर फिरलं, गंज नाही, ऑइलला डावी-उजवी वाट देणाऱ्या वरच्या व्हॉल्व्हच्या भागात झीज नाही, तर किट बिनधास्त टाका, बरीच वर्षं चालतं. नख अडकलं तर तिथेच थांबा. रॅक काढण्या-बसवण्याची मजुरी आणि चाकांच्या अलाइनमेंटचे पैसे प्रत्येक वेळी नव्याने द्यावे लागतात. दोनदा किट टाकलं की स्वस्ताई संपली.

नवा रॅक घ्यायचा तर कंपनीच्या काउंटरवरून, किंवा तोच रॅक बनवणाऱ्याच्या स्वतःच्या डब्यातून. आपल्याकडे स्टेअरिंग बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत. जेटेक्ट इंडिया म्हणजे पूर्वीची सोना कोयो, झेडएफ राणे म्हणजे पूर्वीची राणे टीआरडब्ल्यू. जुन्या रॅकवर कुणाचं नाव आहे ते पुसून बघा आणि त्याच नावाचा डबा बाजारात मिळतो का ते विचारा. किंमत विचारताना आणखी एक विचारा: सोबत रॅक एन्ड आणि बूट येतात का? नसतील तर तेही नवेच घाला. जुना फाटका बूट नव्या रॅकवर चढवणं म्हणजे तीच कहाणी पहिल्या पानापासून. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, तेव्हा कुणी जुन्या २८ टक्क्यांनी हिशोब मांडला तर बिल नीट वाचा. बिनानावाचा लोकल रॅक मी माझ्या गाडीला लावणार नाही. स्टेअरिंग आहे ते.

कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून उतरवलेला रॅक? ज्या गाडीचा नवा रॅक मिळणंच बंद झालंय तिच्यासाठी ठीक. तिथेही आधी दोन्ही बूट मागे सरकवून नखाची तीच परीक्षा. इनोव्हासारख्या सहज माल मिळणाऱ्या गाडीला कशाला?

माझं मत स्पष्ट आहे. गाडी अजून तीन-चार वर्षं ठेवायची असेल आणि दांडीला गंज असेल तर नवाच. वर्षभरात विकायची असेल आणि दांडी स्वच्छ असेल तर किट.

ऑइलच्या बाबतीत मात्र इतकी मोकळीक नाही. तिथे निवड तुमची नाही, गाडीच्या कंपनीची. गाडीतल्या ऑइलच्या डब्याचं झाकण पुसा, त्यावर लिहिलेलं असतं. नसेल तर मॅन्युअल बघा. इनोव्हाला डेक्सरॉन २ किंवा ३ प्रतीचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच लाल ऑइल. जनरल मोटर्सने डेक्सरॉन ३ चा परवाना २००६ च्या अखेरीस बंद केला, त्यामुळे आज बाटलीवर 'डेक्सरॉन ३ साठी योग्य' असं काहीसं लिहिलेलं दिसतं. म्हणून नावाजलेल्या ऑइल कंपनीचीच बाटली घ्या, सुटं ऑइल नको. डेक्सरॉन ६ त्याच घरातलं, पण पातळ. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसेल तर थकलेल्या पंपात ते घालण्याची घाई नको.

जुन्या हायड्रॉलिक होंडा गाड्यांना, उदाहरणार्थ जुन्या सीआर-व्हीला, होंडाचंच पॉवर स्टेअरिंग ऑइल लागतं. तिथे एटीएफ घातलं तर सील बिघडतात. पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हियात हिरवं सिंथेटिक हायड्रॉलिक ऑइल असतं, पेंटोसिन सीएचएफ ११एस जातीचं. त्यात लाल मिसळायचं नाही. बीएमडब्ल्यूच्या काही गाड्यांत एटीएफ, काहींत सीएचएफ, म्हणून झाकण वाचल्याशिवाय बाटली उघडूच नये. नुसत्या रंगावर विश्वास ठेवू नका. जुनं झालं की सगळंच काळपट तपकिरी दिसतं. आणि ब्रेक ऑइल चुकून जरी पडलं तरी इंजिन चालू करू नका. ते ग्लायकॉलचं असतं, पॉवर स्टेअरिंगची रबरं फुगवतं.

नवा रॅक बसवताना जुनं ऑइल पाइपांत आणि पंपात तसंच ठेवून वरून फक्त टॉप-अप करायला देऊ नका. त्या काळ्या ऑइलमध्ये झिजलेल्या रबराचा आणि धातूचा चुरा असतो, तो थेट नव्या व्हॉल्व्हमध्ये जातो. रिटर्न पाइप (ऑइल डब्यात परत आणणारा) सोडून बाटलीत घ्यायचा, वरून ताजं ओतत राहायचं, स्वच्छ लाल धार येईपर्यंत. माझ्याकडे दोन लिटर आणले होते, ते पुरले.

फिटिंगच्या दिवशी शक्यतो तिथेच थांबा. रॅक सुटल्यावर स्टेअरिंगचं चाक सरळ बांधून ठेवलेलं हवं. ते मोकळं गरागरा फिरलं तर आतली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे एअरबॅग आणि हॉर्नच्या वायरची गुंडाळी, तुटते, मग एअरबॅगचा दिवा लागतो आणि हॉर्नही बंद पडू शकतो. हवा काढताना पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवायचं, मग इंजिन चालू करून पुन्हा. टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचं नाही, पंप तापतो. डब्यात फेस किंवा दुधाळ रंग दिसला तर हवा अजून आहे. थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू करा. मग अलाइनमेंट.

आमच्या मेकॅनिकने नवा रॅक बसवून गाडी दिली तेव्हा डब्यावर पातळीच्या जागी मार्करने रेघ मारली होती. "तीन दिवसांनी सकाळी, थंड इंजिनवर बघा," म्हणाला. रेघ आणि ऑइल अजून एकाच जागी आहेत.