पुरात भिजलेली काडतुसं नवीन म्हणून गळ्यात मारली, बंदूक परवानाधारकांनी नक्की वाचा

ज्यांच्या घरी शेतीसंरक्षणाची बारा बोअरची बंदूक आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, त्यातही कोकणातल्या आणि पूर येणाऱ्या पट्ट्यातल्या लोकांनी तर लक्ष देऊन वाचा. आमच्या अप्पांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, परवाना त्यांच्या नावावर आहे, एका लायसन्सवाल्या दुकानदाराने पुराच्या पाण्यात बुडालेली काडतुसं नवीन माल म्हणून पूर्ण भावात विकली. त्यातल्या एकामुळे नळी फुटायचीच बाकी होती. दुकानाचं नाव, गावाचं नाव लिहीत नाही, तक्रार दिलेली आहे आणि ते काम त्यांच्या जागी चालू आहे, पण प्रकार काय झाला तो कळायलाच हवा कारण हाच माल अजून कितीतरी घरात पेटीत पडून असणार.

जुलै 2021 चा पूर आठवतोय ना. 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तिकडे सावित्रीने महाड आणि जगबुडीने खेड बुडवलं, बाजारपेठाच्या बाजारपेठा पाण्याखाली. पाणी उतरल्यावर जे लोकांनी बघितलंय त्यांना माहितेय, नुसतं पाणी नव्हतं, बारीक गाळ होता, कपाटाच्या कुलपात सुद्धा गाळ. कपडेवाल्यांनी भिजलेला माल रस्त्यावर स्वस्तात विकला, सांगून विकला, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. याच पट्ट्यातलं एक बंदुकीचं दुकानही बुडालं होतं. त्याच्या काडतुसांचं काय झालं हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर अप्पा काडतुसं घ्यायला गेले, मी गाडी घेऊन सोबत. आमच्याकडे भात पोसवलं की रात्री डुकरं उतरतात, एका रात्रीत अख्खा वाफा लोळवून टाकतात, आणि दिवसा वानरं नारळावर. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते ते वेगळं, अप्पा बहुतेक वेळा हवेत बार काढून हाकलतात, पण बार निघायला तर पाहिजे. दुकानदार म्हणाला, "अप्पा, तुम्ही आमचं जुनं गिऱ्हाईक, तुमच्यासाठी काढून ठेवलाय माल. वरून सप्लाय कमी आहे, बॉक्स फोडून सगळ्यांना थोडा थोडा देतोय." काडतुसं प्लास्टिकच्या पिशवीत सुटी. बिल हाताने लिहिलेलं, त्यावर बारा बोअर, बीबी (म्हणजे छर्ऱ्याचा आकार), नग आणि रक्कम एवढंच, लॉट नंबर नाही, कंपनी नाही. परवान्यावर मात्र नोंद व्यवस्थित, तारीख, सही, शिक्का सगळं. आणि हीच गंमत आहे या फसवणुकीची की कागद एकदम कायदेशीर, त्यामुळे माणसाला संशयच येत नाही. हे काही चोरून आणलेलं नव्हतं, शिक्का मारून दिलेलं होतं.

गणपतीनंतर एका रात्री खालच्या मळ्यात डुकरं आली. अप्पांची सिंगल बॅरल, म्हणजे एकनळी आहे. चाप ओढला, नुसता टक आवाज. अप्पा जुने माणूस, त्यांनी बंदूक खाली घेतली नाही की मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, बघितली नाही, नळी तशीच बांधाच्या पलीकडे मोकळ्या रानाकडे धरून उभे राहिले आणि मला हाताने मागे सरकवलं. आणि खरंच, टक झाल्यावर एक क्षण गेला, माझ्या मनात आलं की फुसकं निघालं, आणि तेवढ्यात बार उडाला. म्हणजे घाई करून कुणी त्या क्षणात बंदूक मोडली असती तर काडतूस तोंडासमोर फुटलं असतं. त्यांनी दुसरं घातलं. याचा आवाजच वेगळा, धडाम नाही, फस्स करून दबका, खांद्याला धक्काही नाही. अप्पा लगेच म्हणाले, "बास, आता एकही नाही." घरी आणून बंदूक मोडली, रिकामी केली, मागच्या बाजूने नळीत बॅटरी मारली तर पलीकडचा उजेडच दिसेना. दारू आणि छर्ऱ्यांच्या मधे जे बूच असतं ते मधेच अडकलेलं, छर्रेही बाहेर पडलेच नव्हते पूर्ण. त्याच्या मागे आणखी एक चांगलं काडतूस उडवलं असतं तर नळी तिथेच फाटली असती, आणि सिंगल बॅरल धरणाऱ्याचा डावा हात बरोब्बर तिथेच असतो.

दुसऱ्या दिवशी उरलेली काडतुसं उजेडात टेबलावर मांडून भिंग घेऊन बघितली. हे नीट सांगतो कारण हेच तुम्हाला ओळखायचंय. पुढच्या टोकाला प्लास्टिक चुण्या घालून दाबलेलं असतं ना, त्या प्रत्येक चुणीच्या खाचेत बारीक मातकट रेघ होती, सुईने खरवडली तर कोरडा गाळ निघाला. मागचं पितळ वरून लखलखीत, जरा जास्तच लखलखीत, पॉलिश मारलेलं, पण कडेखाली जी बारीक खाच असते तिथे फडकं पोचत नाही, तिथे हिरवट थर तसाच. टोपीच्या, म्हणजे चाप ओढल्यावर जिच्यावर ठोका बसून दारू पेटते तिच्या, भोवती तपकिरी रिंगण. बाजूची छपाई काही नगांवर एका बाजूने उडालेली. एका काडतुसाची चुणी किंचित फुगून वर आली होती. विकायच्या आधी कुणीतरी बसून एकेक नग पुसलाय, म्हणजे भिजलेत हे माहीत असताना पुसलाय. माझा राग याच्यावर आहे. नकळत गेला असता माल तर वेगळी गोष्ट.

अप्पा दुकानात परत गेले तर उत्तर ठरलेलं. आधी म्हणाला तुमच्याच घरी दमट हवेत खराब झाली. मग गाळ दाखवल्यावर म्हणाला, अहो वाळवून दिलीत, काही होत नाही, लष्करात पाण्यातनं चालत जातात, त्यांच्या गोळ्या उडतातच ना. हे वाक्य बऱ्याच जणांच्या तोंडी असतं म्हणून सांगतो की ते का चुकीचं आहे. लष्करी रायफलच्या गोळीत टोपीच्या कडेला आणि जिथे गोळी पितळात बसते तिथे बहुतेक वेळा लाखेसारखं सील लावलेलं असतं, त्यामुळे थोडा वेळ भिजून तिला सहसा फरक पडत नाही. बारा बोअरच्या छर्ऱ्याच्या काडतुसाचं तोंड नुसतं दुमडलेलं असतं. सरी आली, खिशात भिजलं, लगेच पुसलं, एवढं ठीक, पण तासन् तास बुडालं तर पाणी चुण्यांमधून आणि टोपीच्या कडेने आत जाणारच. जुन्या कागदी काडतुसांचं तर विचारूच नका, ती फुगतात आणि चेंबरमध्येच, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेतच, बसत नाहीत. आतली दारू वाळली तरी तिच्या गुठळ्या झालेल्या असतात, टोपीतला मसाला अर्धवट मेलेला असतो, म्हणून मग कधी टक, कधी उशिरा बार, कधी फस्स. आणि बाहेरून बघून कुठल्या नगात पाणी गेलंय आणि कुठल्यात नाही हे कुणालाही सांगता येत नाही, पिशवीतली दोन चांगली उडाली म्हणून तिसरं चांगलं निघेल असं काही नाही.

वाळवणं हा तर आणखी मोठा धोका. उन्हात पत्र्यावर पसरून वाळवतात. या धूर कमी करणाऱ्या दारूत नायट्रोसेल्युलोज असतं, ते हळूहळू आपोआप विघटन पावतं, ते रोखायला त्यात स्टॅबिलायझर घातलेला असतो आणि उष्णतेने तो लवकर संपतो. त्यामुळे उन्हात टाकलेलं काडतूस सुधारत नाही, आणखी बिघडतं.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं, जुनं म्हणजे वाईट असं नाही. कोरड्या, थंड जागी नीट ठेवलेली काडतुसं कित्येक वर्षं, दशकं सुद्धा चांगली राहतात, त्यामुळे नुसती तारीख जुनी म्हणून दुकानदाराला चोर म्हणू नका. प्रश्न वयाचा नाही, कुठे आणि कशी ठेवली होती त्याचा आहे. आणि याच्यात आपल्या घरातली एक गोष्ट येते. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्याजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पितळाला आपोआप तडे जायचे, कारण कळायला 1921 उजाडलं, घोड्यांच्या मुताचा अमोनिया दमट हवेत पितळाला खात होता. आता आपल्याकडे कित्येक घरात काडतुसाची पेटी गोठ्याच्या माळ्यावर नाहीतर युरियाच्या पोत्याशेजारी असते, अमोनिया तिथेही असतोच. पेटी तिथून हलवा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कुलूप लावून.

घेताना सुटी काडतुसं घेऊच नका. सीलबंद बॉक्स मागा, तुमच्यासमोर फोडायला लावा, बॉक्सवरचा लॉट नंबर बिलावर लिहून घ्या. आपल्याकडचा बराचसा माल खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा असतो, हा कारखाना 2021 पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे, बॉक्सवर सगळं छापलेलं असतं, त्यामुळे बॉक्सच नाही म्हणणाऱ्याला का नाही ते विचारा. तो लिहून देत नसेल तर उठून या, दुसऱ्या तालुक्यात जावं लागलं तरी चालेल.

आणि बार उडाला नाही तर नळी मोकळ्या बाजूला धरून निदान 30 सेकंद थांबा, मी तर मिनिटभर म्हणेन. आवाज दबका आला, धक्का कमी बसला तर तिथेच थांबायचं, बंदूक रिकामी करून नळी आरपार दिसते का बघायचं, दिसत नसेल तर गजाने ठोकत बसू नका, बंदूक दुरुस्तीवाल्याकडे न्या. टक झालेलं काडतूस पुन्हा घालून बघायचं नाही. कापून छर्रे काढायचे नाहीत, जाळायचं नाही, विहिरीत टाकायचं नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये वर्ध्याला पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करायच्या कामात स्फोट होऊन माणसं गेली, आणि ते तर त्यासाठीच नेमलेल्या ठिकाणी होतं. आपलं काम एवढंच की परवाना घेऊन पोलीस ठाण्यात जायचं, नग मोजून जमा करायचे आणि पोच घ्यायची.

आम्ही तेच केलं. पहिल्यांदा ठाण्यात म्हणाले दुकानदाराशी मिटवून घ्या, अप्पा हलले नाहीत. लेखी अर्ज दिला, एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेला, आणि ग्राहक हेल्पलाईन 1915 वर पण नोंद केली. ग्राहक आयोगात जायचं तर प्रकार घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते हेही लक्षात ठेवा. अर्ज गेल्यावर दुकानदाराने पैसे परत करतो म्हणून माणूस पाठवला, अट एकच, अर्ज मागे घ्या. अप्पांनी चहा पाजून पाठवून दिला. दुकानाला साठ्याचं रजिस्टर ठेवावंच लागतं, आणि पुराआधीचा साठा नष्ट केल्याची नोंद त्यात कुठे आहे हा एकच प्रश्न आमच्या अर्जात होता. त्यानंतर तपासणी झाली आणि उरलेला माल सील केला.

पण विकून झालेला माल कोण सील करणार, तो तुमच्या माझ्या घरात आहे. म्हणून सांगतो, 2021 च्या पुरानंतर बुडालेल्या भागातून कुणी सुटी बारा बोअर घेतली असतील तर परवान्यावरची तारीख बघा, आज दिवसाउजेडी एकेक काडतूस भिंगाखाली धरा, चुणीतला गाळ आणि पितळाच्या खाचेतला हिरवेपणा शोधा. एकात जरी सापडला तर पूर्ण पिशवी बाजूला काढा, एकही वापरू नका, आणि बिल फाटकं असलं तरी टाकू नका. शेजारीपाजारी ज्यांच्याकडे परवाना आहे पण फोन नाही अशा म्हाताऱ्या माणसांना हे जाऊन सांगा, ठाण्यात त्यांच्यासोबत जा, त्यांना एकट्याला तिथे कुणी धड ऐकून घेत नाही.