बर्टविसल आडनावाचा माग: जनगणना की चर्चची वही?

शेजारच्या बर्टविसलसाहेबांना पेच पडला: आडनावाचं मूळ ब्रिटनच्या १८८१च्या जनगणनेत शोधावं की चर्चच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदवह्यांत?

जनगणनेची सूची फुकट, काम एका संध्याकाळचं. प्रत्येकापुढे जन्मस्थळ असल्यामुळे आडनावाची गर्दी इंग्लंडच्या लँकशर परगण्यात चटकन दिसते. पण ती फार मागे नेत नाही.

नोंदवह्या १५३८पासूनच्या. मात्र किचकट अक्षर, मध्येच लॅटिन, आणि स्पेलिंग पाद्रीबुवांच्या मर्जीवर! बर्टव्हिसल, बर्डव्हिसल, सगळं तपासावं लागतं.

अर्थ मात्र दोन्हीकडे नाही. तो लँकशरमधल्या हॅप्टन गावाजवळच्या, आता नामशेष झालेल्या वाडीच्या नावात आहे: जुन्या इंग्रजीत 'ब्रिड' म्हणजे पक्ष्याचं पिल्लू, 'ट्विस्ला' म्हणजे ओढ्याचं बेचकं.

मुलूख कळला की पुरे, त्याने जनगणना बघावी. पूर्वज नावानिशी हवेत, त्याने वह्या उघडाव्यात, भिंग घेऊन.