जुन्या स्प्लेंडरचं अ‍ॅव्हरेज: कार्बुरेटर उघडल्यानंतरचे काही महिने

माझी स्प्लेंडर २००४ची, टाकीवर हिरो होंडा लिहिलेली, ९७.२ सीसीची. मागच्या उन्हाळ्यात सेकंडहँड घेतली तेव्हा लिटरला ५२च्या आसपास चालत होती. आज ६३-६४ देते. रोजचा रस्ता सातारा ते कोरेगाव आणि परत, अधूनमधून मेढ्यावरून महाबळेश्वर. पावसाळा आणि थंडी दोन्ही निघाल्यावरच लिहायला बसलोय, कारण सर्व्हिसिंग झाल्यावर पहिला आठवडा कुठलीही गाडी झकास वाटते.

हे वाढलेले अकरा-बारा किलोमीटर आले कुठून, तर त्यातले जवळजवळ निम्मे कार्बुरेटरला, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाला, हात लावायच्या आधीच आले. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवलं तर ते एका फेऱ्यातच थांबत होतं. ब्रेकचा कॅम, म्हणजे लायनर ड्रमवर दाबणारा दांडा, ग्रीस वाळून जाम झालेला, त्यामुळे पायडल सोडलं तरी लायनर ड्रमला घासतच राहायचे. चेन वीणेच्या तारेसारखी ताणलेली. पुढच्या टायरमध्ये हवा नावालाच. कॅम काढून साफ करून ग्रीस लावलं, चेनला योग्य तेवढा सैलपणा दिला, एकट्याने चालवताना पुढे २५ आणि मागे २८ पीएसआय हवा ठेवली. एवढ्यावर गाडी ५७ला आली. ज्यांना कुणाला अ‍ॅव्हरेजसाठी कार्बुरेटर उघडायचाय त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, आधी दोन्ही चाकं हाताने फिरवून बघा.

मोजण्याबद्दल थोडं. शंभराचं पेट्रोल टाकून रिझर्व्हला लागेपर्यंत किती गेली, हा हिशेब मला पटत नाही. रिझर्व्ह लागण्याची जागा गाडी चढावर आहे की सपाटीवर यावरही बदलते. मी टाकी गळ्यापर्यंत भरतो, गाडी मेन स्टँडवर ठेवून, शक्यतो त्याच पंपावर, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेवढीच भरून किती लिटर लागले ते बघतो. एकाच टाकीवर निष्कर्ष काढत नाही. मीटरही तपासून घेतला. स्प्लेंडरच्या मीटरची केबल पुढच्या चाकावरून येते, त्यामुळे पुढचा टायर गुळगुळीत झालेला असेल तर चाकाचा घेर कमी होतो आणि मीटर खऱ्यापेक्षा जास्त किलोमीटर दाखवतो. नवा टायर घातला की अ‍ॅव्हरेज पडल्यासारखं दिसतं, ते यामुळेही. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड धरून एकदा पडताळा घेतला की शंका राहत नाही.

आता कार्बुरेटर. गाडीवर आधीच्या मालकाने बाजारातला स्वस्तातला कार्बुरेटर बसवला होता आणि मूळचा एका पिशवीत घालून दिला होता. त्या स्वस्ताच्या कार्बुरेटरवर मी काही आठवडे गाडी चालवली. सकाळी एका किकमध्ये सुरू व्हायची, पण गरम झाल्यावर स्लो स्पीड, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरची इंजिनाची गती, एका जागी राहायचा नाही. पोवई नाक्यावर थांबलं की कधी आपोआप रेस वाढायची, कधी पुटपुटून बंद पडायची. काढून बघितला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. इंजिनाला जोडली जाते ती बाजू बोल्ट जास्त आवळल्यामुळे वाकलेली होती, काचेवर ठेवली तर मधून उजेड दिसायचा. म्हणजे तिथून हवा ओढली जात होती. आणि पिस्टन, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला लटकलेला तो वरखाली होणारा स्लाइड, आपल्या घरात खडखड हलत होता. नव्या वस्तूत हे असायला नको.

मूळचा उघडला तर फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्बुरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं तिथे, पांढरट-हिरवट खरवड बसलेली. जेट, म्हणजे बारीक भोकातून पेट्रोल मापून सोडणारा भाग, बाहेर काढून उजेडासमोर धरला, भोक होतं पण गोल नव्हतं. कधीतरी कुणीतरी तारेने टोचलेलं. जेट पितळेचा, मऊ. तारेचा एक ओरखडा पडला तरी त्यावर कोरलेला आकडा खोटा ठरतो. जेट साफ करायचा तर कार्बुरेटर क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा, बास.

खरा शोध मात्र सुईपाशी लागला. पिस्टनच्या खाली जी लांब निमुळती सुई असते ती पितळेच्या नळीत वरखाली होते, आणि वीस वर्षं हलून हलून नळीचं तोंड एका अंगाला झिजतं. माझ्या नळीचं तोंड भिंगाखाली चक्क लंबगोल दिसलं. सुईवर एका बाजूने चकाकणारा उभा पट्टा. ही झीज झाली की अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर लागतं त्यापेक्षा जास्त पेट्रोल वर येतं, आणि आपण दिवसभर गाडी चालवतो ती नेमकी तिथेच. जुन्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज ‘काही केल्या’ वाढत नाही, त्यामागे पुष्कळदा ही झीज असते असं माझं ठाम मत झालंय. बाहेरचा कुठलाही स्क्रू इथपर्यंत पोचत नाही.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असताना आणि अगदी थोडा उघडेपर्यंत पायलट जेट (छोटा जेट) आणि एअर स्क्रू (कार्बुरेटरच्या बाहेरून फिरवायचा, मिश्रण कमी-जास्त करणारा स्क्रू) यांचं राज्य असतं. तिथून पुढे पाऊण उघडेपर्यंत सुई. पूर्ण पिळल्यावर मेन जेट. कोरेगाव रस्त्यावर ४५-५०ने जाताना माझा हात सुईच्या टप्प्यात असतो. मग एअर स्क्रू पाव फेरा इकडे-तिकडे केल्याने लिटरला दहा किलोमीटर वाढतील कसे? माझ्या मिस्त्रींनी हे एका वाक्यात सांगितलं: “सर, स्क्रू पिळून अ‍ॅव्हरेज मिळत नसतंय, गाडी तेवढी तापती.”

रिपेअर किट घेताना त्यात नुसते गॅस्केट आणि ओ-रिंग आहेत की सुई, नळी, जेट आणि फ्लोटची पिनसुद्धा (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी) आहे, हे उघडून बघा. मी सुई आणि नळी जोडीनेच बदलली. नव्या सुईला जुनी नळी दिली तर पैसे वाया. सगळं मिळून खर्च काहीशे रुपयांचा. मूळ बॉडी, नवे आतले भाग, एमरी पेपरवर घासून सपाट केलेली तोंडाची बाजू आणि मधला इन्सुलेटर नवा. त्याच दिवशी थंड इंजिनावर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट केले, प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिमीमध्ये आणला आणि फोमचा एअर फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, तेलात बुडवून घट्ट पिळून बसवला. हा फिल्टर काढून टाकला की गाडी मोकळी धावते असं सांगणारे भेटतील. ऐकू नका, आपल्याकडची धूळ सिलिंडर खाऊन टाकते.

स्क्रू सेट करायची माझी पद्धत अशी. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून पूर्ण गरम करायची. एअर स्क्रू हलकेच पूर्ण आत टेकवायचा, आवळायचा नाही, आणि दीड फेरा बाहेर. स्लो स्पीड जरा वाढवून ठेवायचा. मग स्क्रू थोडा थोडा फिरवत इंजिनाचा आवाज सगळ्यात चढा आणि एकसारखा कुठे लागतो ते कानाने धरायचं, आणि शेवटी स्लो स्पीड खाली आणायचा. कंपनीचा आकडा १४०० आरपीएमच्या आसपास आहे, पण स्प्लेंडरला आरपीएम मीटर नाही, तेव्हा कानच कामाला येतात. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवल्याने काय होतं यावर गॅरेजमध्ये कायम वाद असतो. स्क्रू पिस्टनच्या अलीकडे, फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा अडवतो, आत घेतला की मिश्रण श्रीमंत, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल अडवतो, आत घेतला की मिश्रण गरीब, म्हणजे पेट्रोल कमी. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा ‘एवढे फेरे’ हा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

एवढं झाल्यावर गाडी थेट ६५ला गेली, आणि तिथे मला एक गोष्ट खटकायला लागली. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फट्फट् आवाज. गाडी गरम असतानाही सिग्नलवरून एकदम पिळलं की क्षणभर दम कोंडल्यासारखं. चोक थोडा ओढून, म्हणजे हवा थोडी अडवून बघितलं तर सुधारत होती. याचा अर्थ मिश्रण गरीब आहे. हवेची गळती आधीच बंद केली होती, मग राहिलं पेट्रोल.

हल्ली पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला साधारण ९ किलोच. इंजेक्शनच्या नव्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवरचा सेन्सर हे ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यावर स्प्लेंडरसुद्धा इंजेक्शनवर गेली. माझ्या २००४च्या कार्बुरेटरला मात्र यातलं काही कळत नाही. तो भोकाच्या मापाने पेट्रोल सोडतो, आणि त्यात इथेनॉल असेल तेवढं मिश्रण आपोआप गरीब होतं. त्यावर आपण अ‍ॅव्हरेजच्या हव्यासाने स्क्रू आणखी गरीब केला की इंजिन तापणार, चढावर ठोके येणार, व्हॉल्व्हवर ताण पडणार. पूर्वीच्या पेट्रोलवर जे सेटिंग काटकसरीचं होतं ते आज धोक्याचं ठरू शकतं.

मी एअर स्क्रू जरासा श्रीमंतीकडे नेला. सुईला खाचा असल्याने क्लिप एक घर खाली घेतली, म्हणजे सुई एक घर वर आली. अ‍ॅव्हरेज ६५वरून ६३-६४वर आलं आणि फट्फट् थांबली, पिकअप सुधारला, केळघर घाटात दोघं बसूनही इंजिन कुरकुरत नाही. हा एक-दीड किलोमीटर मी आनंदाने दिला आणि पुन्हा परत मागणार नाही.

इथेनॉलने अ‍ॅव्हरेज पडतं का, तर पडतं. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात जुन्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरलेली आहे. माझ्या गाडीच्या हिशेबात ती लिटरला दोन-अडीच किलोमीटर होते. मी इथेनॉलच्या विरोधात नाही. आमचा सगळा पट्टाच उसाचा आहे, गावातल्या लोकांचं पोट त्यावर आहे. पण ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्यांना काय बदलायला हवं हे कुणीतरी साध्या भाषेत सांगायला हवं. रबराची पेट्रोल नळी दाबून बघा, कडक झाली असेल किंवा वाकवल्यावर बारीक चिरा दिसत असतील तर बदला. फ्लोटच्या पिनचं रबरी टोक बघा. ते फुगलं तर पेट्रोल अडतं, झिजलं तर वाहतं. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीखालच्या स्क्रूने कार्बुरेटर रिकामा करा. आणि पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढून घेतं, ते फार झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाला वेगळं बसतं, आणि रिझर्व्हवर कॉक नेमका तळातूनच ओढतो. जुलैमध्ये शेजारच्यांची गाडी याच कारणाने पेटत नव्हती. वाटीतलं पेट्रोल काचेच्या ग्लासात काढल्यावर खाली वेगळा थर स्पष्ट दिसला.

महाबळेश्वरचा अनुभव मजेशीर आहे. सातारा साधारण सातशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या पुढे. वर हवा विरळ, त्यामुळे कार्बुरेटरची गाडी आपोआप श्रीमंत होते. फट्फट् चालू होती त्या दिवसांत मी वर गेलो तर तिथे गाडी अगदी गुळगुळीत चालली, खाली मेढ्याला उतरलो की पुन्हा तोच त्रास. मिश्रण गरीब असल्याची माझी खात्री त्या दिवशी पटली. नव्या सेटिंगवर वर थोडी जड वाटते, पण दोन दिवसांच्या मुक्कामासाठी मी स्क्रूला हात लावत नाही.

पैशांचं म्हणाल तर ५२ आणि ६४मधला फरक हजार किलोमीटरला साडेतीन लिटरचा. पेट्रोल शंभरीच्या पुढे असताना किटचे पैसे माझे लवकरच वसूल झाले. ज्यांच्या मूळ कार्बुरेटरची बॉडी शाबूत आहे, पिस्टन घरात हलत नाही, त्यांनी चांगल्या दर्जाचं पूर्ण किट टाकावं. बॉडीच झिजली असेल तर मूळ कंपनीचाच नवा घ्यावा, महाग पडला तरी. आणि ‘माझी ऐंशी देते’ असं कुणी सांगितलं तर टाकी भरून मोजलंय का आणि ताशी किती वेगाने चालवता, हे दोन प्रश्न जरूर विचारा. मी ४०-४५ने चाललो तर माझीही वाढते, पण हायवेवर मागून येणाऱ्या ट्रकपुढे त्या वेगाने रोज जाणं मला सुरक्षित वाटत नाही.

अजून दोन गोष्टी बाकी आहेत. डिसेंबर-जानेवारीत सकाळी चोक ओढल्याशिवाय पेटत नाही आणि पहिला किलोमीटरभर चोक थोडा राहू द्यावा लागतो. इथेनॉलच्या पेट्रोलवर थंडीत हे होणारच, ते मी स्वीकारलंय. दुसरं म्हणजे टाकीच्या आत तळाला गंज धरलाय. सध्या नळीत छोटा फिल्टर टाकलाय आणि तो महिन्याभरात तांबूस होतो. पावसाच्या आधी टाकी उतरवून आतून साफ करून घेणार आहे, नाहीतर तोच गंज नव्या जेटमध्ये जाऊन बसेल.