वाइंडिंगच्या दुकानासाठी काटा घेतला आणि नऊ महिने गिऱ्हाइकांना चुकीची बिलं दिली

माझं वरूड तालुक्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची वायर काढून नवी भरायची. हा संत्र्याचा पट्टा. पाणी खोल गेलंय, त्यामुळे शेताशेतात बोअर आणि बोअरात सबमर्सिबल. आंबिया बहारासाठी (त्या हंगामाच्या फुलोऱ्यासाठी) डिसेंबर-जानेवारीत झाडं ताणावर सोडतात, म्हणजे पाणी बंद करतात. ताण तोडला, म्हणजे पाणी परत सुरू केलं, की मोटारी जुंपल्या जातात, आणि एप्रिल-मेमध्ये व्होल्टेज पडलं की एकेक जळून दुकानात येते. त्या दोन महिन्यांत मी आणि माझा पुतण्या रात्री अकरा-अकरापर्यंत कॉइल भरत बसतो.

आमचं बिल वजनावर होतं. जळालेलं तांबं काढायचं, तोलायचं, कार्डावर लिहायचं. नवी वायर भरली की तीही तोलायची. नवी वायर मी त्या वेळी १,००० रुपये किलोनं लावत होतो आणि जुनं तांबं ६०० रुपयांनी वळतं करत होतो. मजुरी वेगळी. म्हणजे काट्यावरचा आकडा थेट शेतकऱ्याच्या खिशात हात घालतो. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात माझे २,८०० रुपये गेले ही लहान गोष्ट आहे.

जुना काटा पोऱ्यानं त्यावर साडेसात एचपीचा अख्खा पंप आदळल्यामुळे गेला होता. मला हलका, बॅटरीवर चालणारा, गाडीवर बांधून शेतात नेता येईल असा काटा हवा होता. लाइनीचा भरवसा नसतो, आणि शेतकऱ्यासमोर त्याच्याच वावरात वजन केलं की दोघांच्याही मनात किंतू राहत नाही. पोळ्याच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी एक माणूस छोट्या गाडीत काटे घेऊन आला. नीटनेटका, बोलायला गोड. तीस किलोचा काटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. दुकानात तसाच काटा तेव्हा पाच-सहा हजारांना मिळायचा, हा २,८०० ला देत होता. "कंपनीचा डेमो पीस आहे, सरकारी शिक्का मारलेला आहे," म्हणाला.

त्यानं मला फसवलं ते लपूनछपून नाही, माझ्या डोळ्यांसमोर. गाडीतून पाच किलोचं लोखंडी वजन काढलं आणि काट्यावर ठेवलं. आकडा आला ४.९८३. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "बघा, प्रवासात हललाय. आता तुमच्यासमोरच सेट करून देतो." दोन बटणं दाबून धरली, वजन उचललं, परत ठेवलं, थोडं थांबला. ५.०००. मग तीन वेळा उचलून ठेवलं. तीनही वेळा ५.०००. त्यावर स्वतःचा मोबाइल ठेवला, ०.१८७. मोबाइलवर एक रुपयाचं नाणं टाकलं, आकडा चार ग्रॅमनं वाढला. "एक ग्रॅमसुद्धा सुटत नाही, दादा." शेवटी खालच्या स्क्रूमधून तार ओवून शिशाची गोळी पकडीनं दाबली आणि म्हणाला, सील झालं. मी रोख पैसे दिले. त्यानं कच्चं बिल दिलं, त्यावर एक मोबाइल नंबर.

ते वजन मी हातात घेऊन उलटं करून पाहिलं नाही. लोखंडी वजनाच्या बुडाला एक खळगा असतो, त्यात शिसं भरून वजन बरोबर करतात आणि त्या शिशावर सरकारी शिक्का असतो. मला हे लहानपणापासून माहीत होतं. माझ्या आजोबांचं किराणा दुकान होतं. तरी पाहिलं नाही.

डिजिटल काट्याच्या पोटात अॅल्युमिनियमची एक पट्टी असते, तिला लोडसेल म्हणतात. वजनानं ती केसाएवढी वाकते आणि तिच्यावर चिकटवलेल्या गेजचा, म्हणजे ताण मोजणाऱ्या बारीक तारेचा, रेझिस्टन्स बदलतो. किती बदल म्हणजे किती ग्रॅम, हे काट्याला स्वतःला कळत नाही. आपण एक वजन ठेवून त्याला सांगतो, 'हे पाच किलो.' तो मानतो. त्या माणसाचं वजन पाच किलो नव्हतंच, साधारण ४ किलो ८०८ ग्रॅम होतं. काट्यानं त्यालाच पाच किलो मानलं आणि तिथून पुढे प्रत्येक किलोमागे ४० ग्रॅम जास्त दाखवू लागला. त्या माणसाला काटा खरा करायचाच नव्हता, मला ५.००० दिसलं की त्याचं काम झालं.

नऊ महिने कळलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. काढलेलं तांबं आणि भरलेलं तांबं दोन्ही त्याच काट्यावर, त्यामुळे खोटं खोट्याशी जुळत होतं. कार्डावर ४.१६० लिहिलं, तेवढीच वायर भरली, मोटार व्यवस्थित चालली. अमरावतीहून आणलेलं पाच किलोचं रीळ माझ्याकडे ५.२०० च्याही वर भरायचं, तेव्हा मी म्हणायचो, प्लॅस्टिकच्या रिळाचं वजन असेल. रिकामं रीळ तोलून पाहायला दोन मिनिटं लागली असती.

कळलं ते मे महिन्यात. एका संत्रेवाल्या काकांनी जुनं तांबं मला न देता सोबत नेलं, त्यांना बाजारात जास्त भाव मिळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच ते ओट्यावर बसलेले. पिशवी पुढ्यात.

"भाऊ, तुमी कागदावर लिहून देल्लं ३ किलो ७९६. भंगारवाल्यानं भरलं ३ किलो ६००. मंग दोनशे ग्राम तांबं गेलं कोठी?"

मी म्हटलं, "काका, भंगारवाल्याचा काटा हाय तो. तो त मारतेच."

"मारते, मले मालूम हाय. पन तो पन्नास ग्राम मारते. दोनशे नाई मारत."

त्यांच्या मनात काय होतं ते स्पष्ट होतं: रात्रीतून मी त्यांच्या पिशवीतून तांबं काढलं. आमच्या धंद्यात याहून मोठा आरोप नाही. मी पिशवी उचलली, त्यांना घेऊन समोरच्या किराणा दुकानात गेलो. त्या काट्यावर चालू वर्षाचा शिक्का आहे. आकडा आला ३.६५०. परत माझ्या काट्यावर: ३.७९६. परत किराण्यात: ३.६५०. काका काही बोलले नाहीत. माझ्या पोटात खड्डा पडला. तांबं गेलं नव्हतं. माझ्या काट्यानं ते वाढवून सांगितलं होतं, आणि नवी वायरही तशीच वाढवून सांगितली होती.

काटा घेऊन मी अमरावतीला वजनमापे खात्याच्या कार्यालयात गेलो. मनात भीती होती, कारण बिनशिक्क्याचा काटा मीच वापरत होतो. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि स्वतःची प्रमाणित वजनं एकामागून एक ठेवली. १ किलोला १.०४०. २ किलोला २.०८०. ५ ला ५.२००. १० ला १०.४००. "पाहा, प्रत्येक ठिकाणी एकाच प्रमाणात चूक. लोडसेल खराब असता तर चूक कुठे कमी, कुठे जास्त आली असती. हा चुकीच्या वजनावर सेट केलाय." मग त्यांनी ती शिशाची गोळी बोटात धरून दाखवली. कोरी होती. खऱ्या शिक्क्यावर निरीक्षकाची खूण, वर्ष आणि तिमाहीचं अक्षर, ए ते डी पैकी एक, असतं. आणि पडताळणी झालेल्या काट्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे आतली सेटिंग, सील तोडल्याशिवाय हलायला नको. विकणारा तुमच्यासमोर बटणं दाबून काटा 'सेट' करतो, यातच सगळं आलं. मला ती सोय वाटली होती.

काट्याच्या पाटीवर काय लिहिलं असतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचायला शिकलो. कमाल वजन, किमान वजन, 'ई' नावाचा आकडा (पडताळणीसाठी धरलेला काट्याचा सगळ्यात लहान टप्पा), अचूकतेचा वर्ग आणि मॉडेल मंजुरीचा क्रमांक, तो आयएनडी/०९ असा सुरू होतो. माझ्या काट्यावर फक्त '३० किलो, १ ग्रॅम' असं स्टिकर होतं. बाजारात सगळे त्या एक ग्रॅमवर भाळतात. पण एक ग्रॅम दाखवणं वेगळं आणि एक ग्रॅमपर्यंत खरं असणं वेगळं. दुकानी वापराच्या तिसऱ्या वर्गाच्या तीस किलोच्या काट्याचा 'ई' सहसा पाच ग्रॅम असतो. पडताळणीच्या वेळी त्याला अडीच किलोपर्यंत अडीच ग्रॅम, दहा किलोपर्यंत पाच ग्रॅम आणि पुढे साडेसात ग्रॅम इकडेतिकडे चालतं. वापरात असताना याच्या दुप्पट. म्हणजे चार किलो तांब्यात जास्तीत जास्त दहा ग्रॅमची चूक माफ. माझ्याकडे १६० ग्रॅमची होती. आणि किमान वजन वीस 'ई', म्हणजे शंभर ग्रॅम. त्याखालचं काही या काट्यावर तोलूच नये. मी टेबल फॅनच्या कॉइलची बारीक वायर ऐंशी-ऐंशी ग्रॅम तोलत होतो.

बारीक कामाला पुतण्यानं ऑनलाइन एक खिशातला काटा मागवला होता, २०० ग्रॅमचा, दोन दशांश दाखवणारा. एकदा पोळलेलो, म्हणून तो आधी तपासला. दहा रुपयांचं २०११ साली आलेल्या नक्षीचं जुनं नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं. न झिजलेली दहा नाणी ठेवली तर ७७.१ यायला हवं, ते आलं. पण केबल जॉइंटच्या रेझिनमध्ये हार्डनर (ते घट्ट करणारं द्रव्य) थेंब थेंब टाकताना आकडा हलेचना. दहा-बारा थेंब पडले तरी तोच. हे काटे बारीक, सावकाश बदल म्हणजे शून्य सरकलंय असं समजून आपोआप पुसून टाकतात. आता मी थेंबाथेंबानं टाकत नाही. कप उचलतो, बाजूला टाकतो, परत ठेवतो, मग आकडा खरा बोलतो. ऑनलाइन काट्यांच्या पाटीवर बहुधा 'व्यापारी वापरासाठी नाही' असंही बारीक अक्षरात असतं. घरच्या घरी मिश्रण मोजायला ठीक, बिल करायला नाही.

शेवटी नवा काटा अमरावतीच्या परवानाधारक विक्रेत्याकडून घेतला, ५,६०० रुपयांना, पक्क्या बिलावर, आणि पडताळणीचं प्रमाणपत्र माझ्या दुकानाच्या नावानं करून घेतलं. काटे बनवणारा, विकणारा, दुरुस्त करणारा, तिघांनाही २००९ च्या वैध मापन कायद्याखाली परवाना लागतो. तो दाखवा म्हणायला लाजू नका. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी होते. सोबत शिक्क्याची दोन वजनं घेतली, दोन किलो आणि पाच किलो. ती विक्रेत्याची नाहीत, माझी आहेत. घेताना त्याच्याच दुकानात पाच किलोचं वजन ताटाच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहिलं, आकडा सगळीकडे तोच यायला हवा. दहा वेळा उचलून ठेवलं. तिसाव्या मिनिटाला परत पाहिलं, कारण काटा गरम झाल्यावर काही लोडसेलचा आकडा सरकतो. घरी आल्यावर बॅटरी मुद्दाम उतरवून पाहिली: बॅटरीची खूण लुकलुकायला लागली की आकडा नाचतो, तेव्हा वजन करायचं नाही. वार्निशच्या भट्टीपासून तो आता लांब, आतल्या खोलीत असतो. आमच्या टिनाखाली मे महिन्यात लोखंडाला हात लावता येत नाही, तिथे लोडसेलकडून इमानाची अपेक्षा करणं चूक.

काटा विकणाऱ्यानं कच्च्या बिलावर दिलेला नंबर बंद आहे. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, मी फोन केला, पण पक्कं बिल नाही, पत्ता नाही, गाडीचा नंबर लिहिलेला नाही. तुम्ही असं काही घेत असाल तर गाडीचा फोटो तरी काढून ठेवा.

बिलबुकात पोळ्यापासून मेपर्यंतची ४१ बिलं निघाली. एकेकाचा हिशेब केला. ज्यांनी जुनं तांबं मला दिलं, त्यांना तांब्याचंही वजन वाढून मिळालं होतं, त्यामुळे त्यांचं नुकसान सत्तर-ऐंशी रुपये. ज्यांनी तांबं नेलं, त्यांचं दीडशे-दोनशे. सगळं मिळून पाच हजारांच्या आत. पण हे लोक मोटार जळाल्यावर, झाडं वाळत असताना, उसने पैसे आणून बिल भरतात. मी संध्याकाळी गाडी काढून गावोगाव जायचो. कुणी चहा पाजला, कुणी पैसे मोजून घेतले. एक दादा म्हणाले, "सांगतलं हे बरं केलं," आणि त्यांची पुढची मोटार दुसऱ्या दुकानात गेली. चार गिऱ्हाइकं अशी तुटली. त्यांना मी दोष देत नाही. पहिले काका मात्र येतात. आले की आधी माझं पाच किलोचं वजन स्वतः उचलून, उलटं करून शिसं पाहतात, काट्यावर ठेवतात, आणि मग पिशवी सोडतात.

दोन बिलं अजून राहिली आहेत. एकाचे १७२ रुपये, एकाचे ७६. दोघांनीही मोटार घाईत नेली, बिलावर फक्त गावाचं नाव आहे. पैसे पाकिटात घालून गल्ल्यात ठेवलेत, वर बिलाचा क्रमांक लिहून. येत्या बाजाराच्या दिवशी त्यातल्या एका गावी परत जाणार आहे.