ग्रेट सँड ड्यून्स, कोलोरॅडो: स्लेड घ्याच, पण आदल्या संध्याकाळी

रेटिंग: जागेला 5 पैकी 5, स्लेडच्या दुकानाला 3

अमेरिकेत मुलाकडे-मुलीकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींची यादी ठरलेलीच असते, नायगारा, न्यूयॉर्क, वेगास, झालंच तर ग्रँड कॅन्यन. डेन्व्हरला तुमचं कोणी असेल तर त्यात ग्रेट सँड ड्यून्स नॅशनल पार्क ही एक जागा घुसवाच. ताई तिकडे असते म्हणून मी आणि आई मुलुंडहून गेलो होतो, मे महिना संपत आलेला, डेन्व्हरहून गाडीने साधारण 4 तास. समोर बर्फाचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी वाळूच्या टेकड्या, म्हणजे मोबाईलवर फोटो बघून वाटतं कोणीतरी दोन फोटो चिकटवलेत. सगळ्यात उंच टेकडी 225 मीटरच्या आसपास, उत्तर अमेरिकेत याहून उंच वाळूची टेकडी नाही.

आधी स्लेडचं, म्हणजे वाळूवरून घसरत खाली यायच्या फळीचं सांगते. पार्कची एंट्री गाडीमागे 25 डॉलर होती, माणशी नाही, त्यामुळे पाच जणांत ती काहीच वाटत नाही, खरा खर्च भाड्याचा. पार्कच्या आत स्लेड मिळत नाही, बाहेर गेटजवळ नाहीतर अलामोसा गावात घ्यावी लागते. जिजूंचं म्हणणं पडलं की भाडं कशाला, घरी बर्फावरची प्लॅस्टिकची आहे की, आणि ती त्यांनी डिकीत घातलीसुद्धा. कोरड्या वाळूवर ती ढिम्म हलत नाही! पुठ्ठाही नाही चालत. वाळूसाठीच्या स्लेडचा तळ वेगळा असतो, कडक आणि गुळगुळीत, त्यावर मेणाची वडी घासायची आणि मग बसायचं, दर फेरीला परत घासायचं. नीट घासलंत तर अशी सुटते की भाची किंचाळत खाली गेली आणि तोंडात वाळू घेऊनच थांबली. उभं राहून जायचा बोर्डही मिळतो पण पहिल्यांदा जाणाऱ्याने बसायचीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत.

आता दुकानाचे 2 मार्क का कापले, तर ते उघडतं नऊला आणि वाळूत चढायची खरी वेळ असते त्याच्या दोन तास आधी. उन्हाळ्यात तिथली हवा छान असते, आपल्या डिसेंबरातल्या दुपारसारखी, त्यामुळे माणूस गाफील राहतो, पण दुपारी वाळूचा वरचा थर 65 डिग्रीपर्यंत जाऊ शकतो. अनवाणी चढलात आणि अर्ध्यावर ऊन तापलं तर पळायला जागा नाही. म्हणून सांगते, आदल्या संध्याकाळीच स्लेड उचला, एका रात्रीचं भाडं जास्त लागलं तरी द्या, आणि बूट-मोजे सोबत ठेवा, पायथ्याच्या ओढ्यात काढायचे, वर चढताना घालायचे.

चढण. वाळूवर पायवाट वगैरे काही नाही, बोर्ड नाही, बाण नाही, जिकडून जमेल तिकडून जा. बहुतेक लोक हाय ड्यून नावाच्या टेकडीवर जातात, जाऊन-येऊन दोनेक तास धरा. समोरून सरळ चढायला जाऊ नका, पाय जेवढा वर टाकाल त्यातला निम्मा खाली येतो, टेकडीच्या धारेवरून वळत वळत गेलं की बरं पडतं. आणि मुख्य म्हणजे आपण राहतो समुद्राच्या पातळीला आणि तिथलं पार्किंगच आहे जवळजवळ 2500 मीटरवर! आपलं कळसूबाई 1646. त्यामुळे "मी दर पावसाळ्यात ट्रेकला जाते" वगैरे मस्ती तिथे जिरते, शंभर पावलांवर बसावंसं वाटतं, तर बसा, पाणी प्या, कोणी हसत नाही, शेजारी तिथले धष्टपुष्ट गोरे पण बसलेलेच असतात. वर पोचल्यावर मात्र जे दिसतं ना, पुढे अजून टेकड्याच टेकड्या, पार्किंगमधून त्याचा अंदाजच येत नाही.

तिथे वाळूत मधेच काळे पट्टे दिसतात, मला वाटलं कोणी शेकोटी केली असेल. तो मॅग्नेटाइट, लोहाचं खनिज. माझ्या पर्सच्या मॅग्नेटच्या बटणाला त्याची मिशी फुटल्यासारखी बारीक काळी रेती चिकटली, आणि ती अजून निघालेली नाही.

वाळू उडून का जात नाही हे आईने विचारलं, रास्त प्रश्न आहे. नैऋत्येचा वारा दरीतली वाळू डोंगराकडे ढकलतो, वादळात उलटा वारा डोंगरातल्या खिंडींतून येऊन तीच वाळू मागे रेटतो, मग ती जायची कुठे, वरच चढणार. शिवाय कडेने वाहणारे ओढे सुटलेली वाळू परत आणून टाकतात.

त्यातला मेडानो नावाचा ओढा म्हणजे अर्धी ट्रिप तोच. कायम नसतो, वरचा बर्फ वितळतो तेव्हा येतो, मे अखेर ते जूनची सुरुवात सगळ्यात भरलेला. घोट्याएवढं पाणी, आणि त्यात चक्क लाटा येतात! पाण्याखाली वाळूचे छोटे बांध तयार होतात, पाणी अडतं, बांध फुटला की लाट, परत बांध, परत लाट. आईने सलवार वर खोचून खुर्ची पाण्यातच मांडली आणि आम्ही उतरेपर्यंत ती तिथून हलली नाही, जुहूपेक्षा स्वच्छ आहे हा शेरा चार वेळा. जूनच्या मध्यानंतर जाणार असाल तर डास असतात, आपल्याला सवय आहे तरी ओडोमॉस घ्या.

ज्यांचे गुडघे गेलेत त्यांच्यासाठी पार्कवाले फुग्यासारख्या जाड चाकांची व्हीलचेअर फुकट देतात, आधी फोन करून सांगून ठेवायची. ढकलायला तगडा माणूस लागतो, वाळूत ती आपोआप चालत नाही. आईने "मला नको, मी काय म्हातारी आहे का" म्हणून नाकारली, पण शेजारी एक आजी त्यात बसून वाळूत बऱ्याच आत जाऊन आल्या, त्या बघून आईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

खायचं सगळं अलामोसातून भरून न्या. आम्ही चपाती-भाजीचे रोल आणि चिवडा नेला, चिवडा वर उघडू नका, वाऱ्याने अर्धा कुरकुरीत आणि अर्धा करकरीत होतो. पार्किंगला टॉयलेट आहे, पाय धुवायला बाहेर शॉवरही आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर दुपारी ढग जमायला लागले की लगेच उतरा, मोकळ्या धारेवर सगळ्यात उंच तुम्हीच असता आणि तिथे वीज पडते, इतकी की वाळू वितळून काचेच्या नळ्या तयार होतात. पार्क 24 तास उघडं असतं आणि 2019 पासून त्याला डार्क स्कायचा, म्हणजे दिव्यांच्या उजेडाने न बिघडलेल्या काळ्याभोर आकाशाचा दर्जा आहे, त्यामुळे रात्री थांबायचा विचार असेल तर अमावास्येच्या आसपासची तारीख बघा. आणि मे अखेरचा त्यांचा लाँग वीकएंड टाळा, गेटच्या लाइनीत एवढा वेळ जातो की आत पोचेपर्यंत वाळू तापलेली असते.