स्वीडनची 17 नंबरची जर्सी (सेगर): कापड एक नंबर, छपाई मात्र रडवणारी

स्वीडनच्या महिला फुटबॉल टीमची पिवळी जर्सी ऑनलाईन मागवली, पाठीवर निळ्या अक्षरात सेगर आणि खाली 17. दुकानाच्या चॅटवरचा माणूस म्हणे असलानीचा (तीही स्वीडनची खेळाडू) 9 घ्या, तो जास्त जातो. जात असेल, पण मला कॅरोलिन सेगरच पाहिजे होती.

कापड खरंच भारी आहे. हलकं आहे, घाम आला तरी अंगाला चिकटत नाही, रंग अजून तसाच. घोळ आहे तो छपाईचा. थोड्याच धुण्यांत 7 चा खालचा कोपरा उचकटला, मग त्यात नख घालायचा मोह आवरत नाही आणि अजून उचकटतं 😅 दुकानाला फोटो पाठवला तर म्हणे गरम पाण्यात धुतली असणार. अहो थंड पाण्यात, उलटी करून धुतो, तुमच्याच लेबलवर लिहिलंय तसं! नंतर उत्तरच नाही. दुकानाचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.

आता 17 च का, तर ही बाई देशासाठी 240 मॅच खेळलीय, युरोपात हा रेकॉर्ड आहे, आणि तरी हायलाईट्स बघून तिचं काम कळत नाही कारण ती मिडफिल्डला मागे राहून बॉल काढून घ्यायची, मान वळवून बघायची आणि साधा पास देऊन मोकळी व्हायची, गोल करणारी कोणीतरी दुसरीच. स्वीडनमधल्या हेलसिंगबोर्गची पोरगी, क्लब बदलत लिनशोपिंग, अमेरिका, तिरेसो, पॅरिस, ल्यों करत शेवटी माल्मोच्या रोसेनगार्डमध्ये. 2014 ला तिरेसो चॅम्पियन्स लीगच्या (युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा) फायनलला जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गविरुद्ध 2-0 ने पुढे होती आणि 4-3 हरली, वर त्याच वर्षी क्लबचं दिवाळं निघालं आणि स्वीडनच्या लीगमधूनच बाहेर. पुढच्या वर्षी पॅरिसकडून परत फायनल, परत हार. ट्रॉफी आली ती 2017 ला, ल्योंमध्ये असताना.

आणि टोकियो ऑलिम्पिकची फायनल तर विचारूच नका. उन्हामुळे मॅच योकोहामाला रात्री हलवलेली, कॅनडाशी 1-1, मग पेनल्टी. पाचवी किक सेगरची, आत गेली की गोल्ड. कॅप्टन, वय 36, रिओ ऑलिम्पिकचं सिल्व्हर आधीच घरी. पळत आली, मारली आणि बॉल बारच्या वरून! मग सडन डेथमध्ये (एकेक किक, जो चुकला तो हरला) कॅनडा जिंकलं. लोक तेवढीच किक लक्षात ठेवतात ह्याचा मला राग येतो, कारण त्या फायनलपर्यंत टीम एकही मॅच न हरता आली होती आणि मधली सगळी दोरी हिच्या हातात होती. 2011, 2019 आणि 2023 ला वर्ल्ड कपची ब्रॉन्झ पण आहेत, त्यातल्या शेवटच्या वेळी ती दुखापतीमुळे बरीचशी बाकावरच होती.

असो, जर्सीवर येतो. साईझ एक नंबर मोठी घ्या, महिलांच्या कटमध्ये खांद्याला आवळते. दुकानाच्या साईझ चार्टवर जाऊ नका, घरातला नीट बसणारा टी-शर्ट मोजून बघा. आणि शक्य असेल तर जर्सी कोरी मागवा, नाव-नंबर हीट प्रेसवाल्या (गरम मशीनने दाबून छापणाऱ्या) माणसाकडून समोर उभं राहून करून घ्या.

कापडाला 5 पैकी 4, छपाईला 1. सेगरला मार्क देणारा मी कोण.