मूत्राशयाच्या चांगल्या सवयी ऑनलाइन शिकताना: चित्रफीत, गटवर्ग, ॲप की वैयक्तिक सत्र?

चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीला मूत्राशयाच्या आरोग्याविषयी घरबसल्या काही शिकायचे असेल, तर तिच्यासमोर साधारणपणे चार पर्याय असतात: एका बैठकीत पाहून संपणारी चित्रफीत, काही आठवडे चालणारा थेट गटवर्ग, रोज आठवण करून देणारे मोबाइल ॲप आणि फिजिओथेरपिस्टबरोबर व्हिडिओ कॉलवर होणारे वैयक्तिक सत्र. चारही ठिकाणी शिकवले जाते ते बहुतांशी एकच असते. फरक पडतो तो आपण करतो ते बरोबर आहे की नाही हे कोण तपासते आणि पहिला उत्साह ओसरल्यावर आपल्याला कोण टिकवून धरते, यात. म्हणून धड्यांची संख्या मोजत बसण्यापेक्षा आपली अडचण नेमकी कोणत्या प्रकारची आहे, हे आधी ठरवावे.

काही स्त्रियांना तक्रार अशी काही नसते, फक्त पुढे त्रास होऊ नये एवढीच इच्छा असते. काहींना अचानक अशी घाई लागते की स्वच्छतागृह गाठेपर्यंत धीर निघत नाही. आणखी काहींना खोकताना, शिंकताना, हसताना किंवा जड वस्तू उचलताना थेंब-दोन थेंब लघवी सुटते. पुष्कळ जणींच्या बाबतीत शेवटचे दोन्ही प्रकार एकत्र आढळतात. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाच्या (म्हणजे मूत्राशयाला खालून आधार देणाऱ्या) स्नायूंवर आलेला ताण, रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी झाल्याने मूत्रमार्गाच्या व योनीच्या आवरणाला येणारा पातळपणा, वाढलेले वजन आणि जुनी बद्धकोष्ठता ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. घाईवर मुख्यतः सवयींचे शिक्षण काम करते आणि ताणाने, म्हणजे खोकताना-शिंकताना पोटावर जोर पडून, होणाऱ्या गळतीवर मुख्यतः स्नायूंचे. योग्य पर्यायाची निवड या एका भेदावर बरीचशी अवलंबून आहे.

सवयी शिकण्यासाठी फार काही लागत नाही, आणि इथे छोटी चित्रफीत आपल्या आकाराच्या मानाने मोठे काम करते. मूत्राशयात साधारण १५० ते २०० मिलिलिटर लघवी साठली की पहिली जाणीव होते, पण मूत्राशयाची क्षमता त्याहून बरीच अधिक असते. त्यामुळे पहिल्या जाणिवेला उठण्याची गरज नसते. ‘बाहेर पडायचे आहे, तर जाऊन येऊ’ असे म्हणत दर वेळी आधीच जाण्याने मूत्राशयाला थोड्या साठ्यावरच इशारा देण्याची सवय लागते. अधांतरी बसून किंवा जोर लावून लघवी केल्याने तळाचे स्नायू नीट सैल होत नाहीत. घाईच्या भीतीने पाणी तोडले तर लघवी दाट होऊन जळजळ आणि घाई उलट वाढू शकते, तर चहा-कॉफी कमी केल्याने अनेकींना आराम पडतो. घाईची लाट आली की धावू नये; जागीच थांबावे, शक्य असल्यास बसावे, तळाचे स्नायू काही वेळा झटपट आवळावेत आणि लाट ओसरल्यावर सावकाश चालत जावे. एवढा मजकूर वीस मिनिटांत सहज मावतो.

याला आधारही आहे. अमेरिकेत ५५ वर्षे व त्यापुढील स्त्रियांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्यूलिप’ अभ्यासात दोन तासांचा प्रत्यक्ष वर्ग आणि सुमारे २० मिनिटांची चित्रफीत यांची तुलना करण्यात आली, आणि लघवीवरील ताबा राखण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. तक्रार नसलेल्या किंवा सौम्य तक्रार असलेल्या वाचकाने दहा-बारा तासांचा अभ्यासक्रम घेण्याआधी हे लक्षात ठेवावे. असे लांबलचक अभ्यासक्रम सुरुवातीचे धडे शरीररचनेच्या चित्रांवर खर्च करतात. ते ज्ञान वाईट नव्हे, पण त्याने लघवीची वेळ बदलत नाही.

चित्रफितीची कमजोरी अशी की ती पाहून झाली की संपते. घाईचा त्रास असणाऱ्या स्त्रीला मूत्राशयाचे प्रशिक्षण, म्हणजे दोन लघवींमधले अंतर दहा-पंधरा मिनिटांनी हळूहळू वाढवत नेणे, किमान सहा आठवडे करावे लागते, आणि तिसऱ्या आठवड्यात हटकून कंटाळा येतो. इथे थेट गटवर्गाची बाजू वरचढ ठरते. ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी हजर राहायचे आहे, एवढ्यानेच सराव टिकतो. शिवाय जो विषय घरातही काढला जात नाही, त्यावर इतर जणी मोकळेपणाने बोलताना ऐकून संकोच कमी होतो. कॅनडात ६० वर्षे व त्यापुढील स्त्रियांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ आठवड्यांचे गटातील स्नायूप्रशिक्षण वैयक्तिक प्रशिक्षणापेक्षा कमी परिणामकारक ठरले नाही. तो गट मात्र प्रत्यक्ष भरत होता, आणि गटात येण्यापूर्वी प्रत्येकीला स्नायू कसा आवळायचा हे स्वतंत्र सत्रात शिकवले गेले होते. ऑनलाइन गटवर्गाच्या जाहिरातीत हा निष्कर्ष दिसला, तर अशा स्वतंत्र सत्राची सोय तेथे आहे का, हे विचारावे. कॅमेरा बंद ठेवण्याची आणि नाव न दाखवण्याची मुभाही असली पाहिजे.

ॲपचे स्थान या दोहोंच्या मधले आहे. स्वीडनमधील उमियो विद्यापीठात विकसित झालेल्या ‘टेट’ या ॲपचा ताणाने होणाऱ्या गळतीवर तीन महिन्यांचा नियंत्रित अभ्यास झाला असून त्यात वापरणाऱ्या स्त्रियांच्या तक्रारी घटल्याचे दिसले. त्याआधी तिथल्याच संशोधकांनी ई-मेलवरून मार्गदर्शन मिळणारा इंटरनेट कार्यक्रम आणि टपालाने पाठवलेली पुस्तिका यांची तुलना केली होती. फायदा दोन्हींनी झाला, पण स्वतःला बरे वाटण्याचे प्रमाण इंटरनेट गटात अधिक होते. पाठपुरावा करणारे कोणी असले की फरक पडतो, असे त्यातून म्हणता येते. ॲप निवडताना रोजची आठवण, सोप्यापासून अवघडापर्यंत जाणारे व्यायाम आणि नोंदी ठेवण्याची जागा या तीन गोष्टी पुरेशा आहेत. रंगीत पदके आणि गुणांचे फलक नसले तरी चालतात. मात्र लघवीच्या नोंदी ही खासगी माहिती आहे, तेव्हा ती कोणाला दिली जाते हे वाचल्याशिवाय नोंदणी करू नये.

आता स्नायूंच्या व्यायामाचा खरा प्रश्न. १९४८ मध्ये अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी हे व्यायाम वैद्यकात रूढ केले, तेव्हा ते स्वतः तपासून आणि दाबमापक उपकरण वापरून शिकवत. पुढे व्यायाम सगळीकडे पसरला, तपासणी मात्र मागे राहिली. १९९१ मधील एका लहान अभ्यासात केवळ थोडक्यात तोंडी सूचना मिळालेल्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्याच जणींनी स्नायू योग्य रीतीने आवळला, आणि जवळपास एक चतुर्थांश जणींनी गळती वाढू शकेल अशा पद्धतीने खाली जोर लावला. श्वास रोखणे, पोट आत ओढणे, नितंब आवळणे या चुका बाईला स्वतःला कळत नाहीत, आणि चित्रफीत, गटवर्ग वा ॲप यांपैकी कोणालाही त्या खात्रीने ओळखता येत नाहीत. व्हिडिओ कॉलवरचे वैयक्तिक सत्र श्वास, बसण्याची पद्धत आणि जाणिवेचे वर्णन यांवरून थोडे अधिक सांगू शकते, पण पडद्यापलीकडून स्पर्श होत नाही. म्हणून खोकताना-शिंकताना लघवी सुटत असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष तपासून घ्यावे आणि पुढचे तीन महिने साध्या ॲपवर काढावेत. ऑनलाइन वैयक्तिक सत्रांची लांब मालिका घेण्यापेक्षा हे अधिक शहाणपणाचे आहे. अपवाद फक्त जिथे प्रत्यक्ष भेट शक्यच नाही अशा स्त्रियांचा.

या व्यायामाचे प्रमाण ब्रिटनमधील ‘नाइस’ या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेच्या सूचनांत स्पष्ट आहे: दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठ आकुंचने, निदान तीन महिने आणि देखरेखीखाली. ‘आठ दिवसांत गळती बंद’ असे सांगणारा अभ्यासक्रम एवढ्यावरच बाद करता येतो. लघवी करताना मध्येच धार रोखण्याचा नियमित व्यायाम देणाराही टाळावा, कारण त्यामुळे मूत्राशय पूर्ण रिकामे होण्यात अडथळा येऊ शकतो. उलट जो अभ्यासक्रम पहिल्याच दिवशी किमान तीन दिवसांची नोंदवही भरायला लावतो, तो बहुधा जाणकाराने तयार केलेला असतो. किती वाजता, किती प्यायले, किती लघवी झाली, घाई किती होती, कधी सुटली, एवढेच त्यात लिहायचे असते. मोजण्यासाठी खुणा असलेले एक भांडे पुरते. वजन जास्त असेल तर त्याविषयी प्रामाणिकपणे बोलणारा अभ्यासक्रमही जमेचा धरावा, कारण जादा वजनाच्या स्त्रियांवरील २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात सुमारे आठ टक्के वजन घटलेल्या गटात गळतीचे प्रसंग जवळपास निम्म्याने कमी झाले होते.

लघवीत रक्त दिसणे, वेदना किंवा ताप, वारंवार होणारा संसर्ग, लघवी अडणे, योनीतून काही खाली येत असल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही असेल तर वरची सगळी तुलना बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटावे. पायांत अचानक अशक्तपणा किंवा बधिरता येऊन ताबा सुटला असेल, तर त्याच दिवशी. इतर स्त्रियांनी घाईसाठी सहा आठवडे आणि ताणाच्या गळतीसाठी तीन महिने नेमाने करून पाहावे. तेवढ्यात नोंदवहीतील आकडे हलले नाहीत, तर दुसरा अभ्यासक्रम शोधू नये. तीच नोंदवही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञ यांच्याकडे जावे.